मणीचा नमस्कार

सेतूरावांच्या कुत्र्याला विठ्ठल पावला, ही बातमी गावात कुणी पसरवली हे आता विचारायची सोय नाही. मृदंग वाजवणाऱ्या श्रीवत्सनं पसरवली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि श्रीवत्स आता कानांवर हात ठेवतो. पण पसरली ती अशी पसरली, की शनिवारी संध्याकाळी सेतूरावांच्या दारात चपला काढायला जागा उरेना. पापनाशम्‌ गावाहून बायका बस धरून येऊ लागल्या. साक्कोट्टै गावचे एक निवृत्त हेडमास्तर यायचे, ते तर विठ्ठलाला एकदा आणि कुत्र्याला दोनदा हात जोडायचे. हसू नका. तुम्हीही जोडले असते, ते दिसायचंच तसं.

व्हायचं काय, तर हॉलच्या मधोमध पुरुषभर उंचीची समई पेटायची. सेतूरावांचं दुकानच पितळी दिव्यांचं, तेव्हा समई कशी लखलखीत असेल ते सांगायला नको. अभंग रंगात आले की पुरुष मंडळी टाळ वाजवत समईभोवती फेर धरायची. अभंग मराठी आणि नाच इकडचा तमिळ, अशी आम्हा पिढ्यानपिढ्या इकडे राहिलेल्या मराठी माणसांची पद्धत. सगळ्यांत पुढे चिपळ्या घेतलेले सेतूराव आणि त्यांच्या पाठीमागे मणी, तांबडा गावठी कुत्रा, पिल्लू होता तेव्हापासून असाच फिरणारा. आता तेराव्या वर्षी त्याच्या दोन फेऱ्या कशाबशा व्हायच्या. मग नेमका विठ्ठल-रखुमाईच्या समोर आला की तो खाली जायचा. पुढचे पाय लांब, हनुवटी फरशीला टेकलेली, डोळे मिटलेले. साष्टांग नमस्कार! आरती व्हायची, प्रसाद वाटून व्हायचा, माणसं आपापल्या चपला शोधायला लागायची, तरी मणी जागचा हलायचा नाही.

"समाधी लागली," असं पापनाशम्‌ची अलमेलूमामी म्हणायची आणि पदरानं डोळे पुसायची.

सेतूरावांची बायको भारती स्वयंपाकघराच्या दारात गोड पोंगलाचं, म्हणजे गुळातुपाच्या खिचडीचं, पातेलं घेऊन उभी असे. लोक गेल्यावर काय होतं ते तिलाच दिसे. दार लागलं की मणी डोळे उघडायचा. पुढचे पाय रोवायचा. मग मागचं अंग उचलायला बघायचा आणि ते उचलायचं नाही. ग्रॅनाइटच्या गुळगुळीत फरशीवर मागचे पाय दोन्हीकडे फाकायचे. पुन्हा बसायचा, थोडा वेळ भिंतीकडे बघत राहायचा, पुन्हा प्रयत्न करायचा. शेवटी सेतूराव यायचे, त्याच्या पोटाखाली हात घालून त्याला उभा करायचे आणि म्हणायचे, "ऊठ रे राजा, देव निजला."

भारतीचे स्वतःचे गुडघे गेलेले होते. सकाळी पलंगावरून उठताना ती भिंतीला हात टेकायची, दात आवळायची, जरा थांबायची आणि मग उठायची. मणीचं ते मधलं थांबणं एके दिवशी तिच्या नजरेला पडलं. समाधीबिमाधी काही नव्हे, मला होतं तेच ह्याला होतंय, असं तिला स्वच्छ कळलं.

आणि एकदा दिसायला लागलं की मग सगळंच दिसायला लागतं. दारापुढच्या कट्ट्यावर हा बेटा एका उडीत चढून बसायचा आणि पोस्टमनवर भुंकायचा. आता कट्ट्याशी येऊन उभा राहायचा आणि दुसरंच काही आठवल्यासारखा मागे फिरायचा. पाय वर करून मुतायचा तो आता खाली बसून मुतत होता. चालताना मागची नखं फरशीवर घासायची, त्यांचा खर्रखर्र आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. पुढचा एक पाय चाटून चाटून मनगटापाशी लाल केला होता. छाती भरलेली, पोट सुटलेलं, दर शनिवारी तुपाचा पोंगल खाऊन सुटणारच ना, पण मागच्या मांड्या मात्र अगदी वाळून गेल्या होत्या. फुलंवाली दाराशी आली आणि तिची टोपली त्याच्या कमरेला नुसती लागली, तर तो गुरगुरला. तेरा वर्षांत तो ओळखीच्या माणसावर कधी गुरगुरला नव्हता.

आता सगळा दोष सेतूरावांच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. नमस्काराच्या आधीचे दिवस भारतीनंही काढले होते. तेव्हा त्या भजनाला काळं कुत्रं फिरकत नव्हतं, तांबडं एक होतं तेवढंच. म्हातारी माणसं एकेक करून गेली, तरुण चेन्नईला आणि बंगळूरला गेले, आणि आजोबांपासून चालत आलेल्या भजनाला श्रीवत्स, त्याचा एक मेहुणा आणि दोन झोपाळू शेजारी एवढेच उरले. सेतूराव त्यांच्यासमोरही गळा फाडून गायचे आणि मग न जेवता झोपायचे. नवऱ्याला असं उपाशी झोपताना पाहणं तिला सोसवत नसे. त्यामुळे मणी पहिल्यांदा समईपाशी कोसळला, श्रीवत्सनं ते फोनवर टिपलं आणि पुढच्या शनिवारी घर भरलं, तेव्हा तिलाही आनंद झाला होता. मणीच्या कपाळाला कुंकू तिनंच लावलं होतं.

पण आता तिला झोप लागेना. एका दुपारी सेतूराव जेवून चिपळ्या पुसत बसले होते, तेव्हा ती म्हणाली,

"अहो, मणीचे पाय दुखतात. मागचे. तो नमस्कार नव्हे, त्याला उभें राहवत नाही."

आमचं घरातलं मराठी असं जुन्या वळणाचं. पुण्याचा पाहुणा आला की ऐकून गालातल्या गालात हसतो.

"भारती," सेतूराव म्हणाले, "तुला गुडघेदुखी झाली म्हणून सगळ्या जगाला झाली कां?"

"त्याच्या मांड्या बघा एकदां."

"म्हातारा झाला. माझ्या मांड्या तरी कुठें राहिल्या? आणि दुखतें तर ओरडत कां नाही? शेपटीवर पाय पडला तरी कुत्रें घर डोक्यावर घेतें. हा कधी ओरडला?"

"मी तरी कुठें ओरडतें? मी सांगेपर्यंत तुम्हाला ठाऊक होतें कां माझे गुडघे दुखतात?"

ह्यावर ते चिडले. कुत्र्यांची नवी डॉक्टरीण आली आहे, तिला नुसता दाखवून आणू, असं तिनं म्हटलं मात्र, चिपळ्या आपटल्या त्यांनी.

"आणि लोक काय म्हणतील? सेतूरावाचा भक्त म्हणजे लंगडा कुत्रा! माणसें दोन गावांहून येतात गे, देवाचें नांव घेतात. त्यांच्या तोंडांत माती घालूं? त्याला काही होत नाही. पुन्हा हा विषय नको."

तिनं श्रीवत्सला गुपचूप विचारलं, गाडी आणशील का म्हणून. श्रीवत्सनं जीभ चावली, "मामी, अण्णांना न सांगतां?" असं म्हणाला आणि तिथून उठून सरळ सेतूरावांनाच जाऊन सांगून आला. मग सेतूराव तिच्याशी बोलेनासे झाले. मीठ हवं असलं तर भिंतीकडे बघून मागायचे. मणीला एकटीनं उचलून रिक्षात घालायचं तर तिच्या अंगात तेवढी ताकद नव्हती. खरं म्हणजे एकटी जाऊन डॉक्टरणीला नुसतं विचारून आली असती तरी चाललं असतं. हे तिला पुढे फार वेळा सुचलं. तेव्हा सुचलं नाही, कारण नवऱ्याचा शब्द मोडून उघडउघड दवाखान्याची पायरी चढायची तिला भीती वाटली. घरात बसून जे करता येईल तेवढं ती करणार होती.

आणि घरात तिच्या गोळ्या होत्या.

गुडघ्यांच्या गोळ्या. जेवणानंतर घ्यायच्या, घेतल्या की तासाभरात पाय मोकळे व्हायचे. मला चालते तर त्याला का चालू नये, असा तिचा साधा हिशोब. तिनं एक गोळी दहीभाताच्या गोळ्यात दाबली आणि मणीपुढे धरली. त्यानं ती खाल्ली आणि तिचा हात चाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मणी आपला आपण उठला. भारती अंगणात पिठाची रांगोळी घालत होती, तर हा मागून आला आणि पिठाच्या वाटीत नाक घालून शिंकला. तिला रडू आलं. रोज एक गोळी पोटात गेली, तसा चार-पाच दिवसांत तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आला. कट्ट्यावर चढला नाही, पण पुढचे पाय टेकून पोस्टमनवर भुंकला तरी. पोस्टमनही म्हणाला, म्हातारा तरणा झाला की! भारती दिवसभर गुणगुणत होती. सेतूरावांनी विचारलंसुद्धा, काय झालें म्हणून. ती म्हणाली, काही नाही, थंडी बरी वाटते.

मग शनिवार आला. समई पेटली, फेर सुरू झाला. मणी दोन फेऱ्या फिरला, तीन फिरला, चौथी फिरला. विठ्ठलासमोर आला आणि उभाच राहिला. शेपूट हलवली. हेडमास्तरांच्या धोतराचा वास घेतला आणि पोंगलाच्या पातेल्याकडे बघत बसला, बसला म्हणजे नीट, ढुंगण टेकून, चारचौघा कुत्र्यांसारखा.

श्रीवत्सचा हात चुकला. अभंग संपत आला होता तो सेतूरावांनी पुन्हा पहिल्यापासून धरला. बायका माना उंच करून बघत होत्या. "आज काय झालें हो?" असं अलमेलूमामी मोठ्यानं म्हणाली. पुन्हा एक फेर झाला, मणी पुन्हा उभा. आणि मग भारतीनं पाहिलं, की सेतूराव गाता गाता मागे सरकले, वाकले आणि त्यांनी आपला तळवा मणीच्या कमरेवर ठेवला. ठेवला आणि दाबला. मणीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडून अगदी बारीक आवाज निघाला, टाळांच्या आवाजात तो तिच्याशिवाय कुणी ऐकला नसेल. मग मागचं अंग खचलं, पुढचे पाय लांब झाले, आणि माणसांनी विठ्ठलनामाचा गजर केला.

भारतीनं सगळ्यांना पोंगल वाढला. माणसं गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला दाबलांत."

"हात ठेवला."

"दाबलांत. त्याला दुखत नव्हतें तर तो नमस्कार घालत नव्हता. बघितलेंत ना डोळ्यांनी? अजून काय हवें?"

"तूच काहीतरी केलें आहेस त्याला," सेतूराव म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "तुझ्या मनांत नाही ना, म्हणून देव दुरावतो."

तिनं गोळ्यांचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्या बंद केल्या असत्या, आणि मणी पुन्हा त्या फरशीवर फाकलेल्या पायांनी धडपडत राहिला असता. तिनं ठरवलं ते वेगळंच. त्यांचा हात पडला तरी मणी उभा राहील इतकं बळ त्याला द्यायचं. दुसऱ्या दिवसापासून तिनं सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा गोळ्या सुरू केल्या.

मार्गळी, म्हणजे इकडचा मार्गशीर्ष, महिना लागला होता. पहाटे धुकं पडायचं, देवळांतून स्पीकरवर तिरुप्पावैची तमिळ पदं सुरू व्हायची. थंडीनं त्याचे सांधे धरतील म्हणून ती आणखी काळजी घेऊ लागली, आणि त्याच दिवसांत मणी जेवेनासा झाला. दहीभाताला तोंड लावेना, म्हणून ती गोळी लोण्यात घालून त्याच्या जिभेवर चोळू लागली. उपाशी पोटी. तो ओकला. दुखतंय म्हणून ओकतोय, असं तिला वाटलं. परसात त्यानं घाण केली ती काळी कुळकुळीत, चिकट. गुळाचा पोंगल बाधला असेल, असं म्हणून तिनं बादलीभर पाणी ओतून ती धुऊन टाकली. पाणी मात्र तो घटाघटा प्यायचा आणि दिवसभर हौदामागे सावलीत पडून राहायचा.

वैकुंठ एकादशी आली. त्या दिवशी वैकुंठाचं दार उघडं असतं, असा सगळ्यांचा विश्वास. सकाळीच भजन ठेवलेलं. घरात पाय ठेवायला जागा नाही, खिडक्यांतूनसुद्धा माणसं. मणी हौदामागून येईना, तेव्हा श्रीवत्स त्याला उचलून आत घेऊन आला आणि समईपाशी ठेवला. भारती चुलीपुढे होती. ती बाहेर आली तेव्हा फेर सुरू झाला होता आणि मणी मधे उभा होता, मान खाली घालून.

मग त्यानं नमस्कार घातला. असा नमस्कार त्यानं पूर्वी कधी घातला नव्हता. पुढचे पाय लांब पसरले, छाती फरशीला टेकवली, पण मागचं अंग तसंच उंच राहिलं, पाठीची कमान झाली, आणि तो तसाच थरथरत उभा राहिला. लोकांना वेड लागायचं बाकी राहिलं. हेडमास्तर आडवे झाले. सेतूराव रडत होते, गात होते आणि रडत होते, त्यांचा भक्त परत आला होता.

भारतीनं त्या मागच्या पायांकडे पाहिलं. पाय उभे होते. पाय भार धरून होते. म्हणजे हे पायांचं नव्हे. हे पोटाचं आहे. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. तेवढ्यात मणीनं एक उचकी दिली आणि फरशीवर ओकला, ते कॉफीच्या चोथ्यासारखं तपकिरी होतं.

"थांबवा!" ती ओरडली. कुणी थांबेना. ती माणसांना बाजूला सारत आत घुसली आणि तिनं दोन्ही तळवे श्रीवत्सच्या मृदंगावर आपटले. तेव्हा कुठे शांत झालं.

"गाडी काढ," ती त्याला म्हणाली. "आत्तां. एक शब्द बोललास तर बघ."

डॉक्टरीण रम्या वयानं लहान होती, चष्मा लावणारी, तमिळमध्ये भरभर बोलणारी. तिनं मणीचा ओठ वर करून पाहिला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. पोटाला हात लावताच मणीनं मान वळवून तिच्या हाताकडे तोंड नेलं, पण चावायचंही बळ राहिलं नव्हतं.

"काय दिलंत ह्याला?" तिनं विचारलं. "काही गोळ्या? माणसांच्या?"

"छे छे," सेतूराव म्हणाले. "गोळ्या कशाला? त्याला काही झालंच नव्हतं."

भारतीनं कमरेला खोचलेली पिशवी काढली आणि तिच्यातली गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली. "रोज दोन," ती म्हणाली. "आज सकाळीपण दिली."

सेतूराव तिच्याकडे बघतच राहिले. रम्यानं पट्टी उचलली, नाव वाचलं आणि ती चिडली. चिडली म्हणजे चांगलीच चिडली. "ही कुत्र्याला विष आहे! आतड्यांना जखमा झाल्यात, रक्त पोटात गळतंय. मूत्रपिंडं गेली असणार. अहो, विचारायचं होतंत ना. मी इथेच होते. दोन गल्ल्या सोडून!"

भारती मणीच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

रम्यानं रक्त तपासलं. मग पायांना हात लावला, हळूच, एकेक सांधा दुमडून पाहिला. "हे तर दीड-दोन वर्षांचं दुखणं आहे," ती म्हणाली, आता आवाज उतरला होता. "खुब्याचे सांधे घासून गेलेत. उठताना त्रास होत असेल, पायऱ्या चढत नसेल, नाही का? मांडीला मांस राहिलेलं नाही, इतका तो पुढच्या पायांवर भार टाकत होता. वजन उतरवलं असतं, त्याच्या मापाचं औषध दिलं असतं, फरशीवर सतरंजी टाकली असती, तर अजून दोन वर्षं सुखानं हिंडला असता."

"सतरंजी?" सेतूरावांनी विचारलं.

"हो, पाय घसरू नयेत म्हणून. साधी सतरंजी."

घरी सतरंज्यांचा ढीग होता. माणसांना बसायला अंथरायच्या. समईभोवतीची जागा तेवढी नाचायला मोकळी ठेवायची.

सलाईन लावून दोन दिवस झगडता येईल, रम्या म्हणाली, पण हाती काही लागेल असं तिला वाटत नव्हतं, आणि ते दोन दिवस तो तडफडत राहील. नाहीतर इंजेक्शन देऊन त्याला झोपवायचं. तिनं विचारलं दोघांनाही, पण बघत होती ती भारतीकडे.

"नको," सेतूराव घरातल्या भाषेत बायकोला म्हणाले. "घरीं नेऊं त्याला. आज वैकुंठ एकादशी आहे. आज जो जातो त्याला दार उघडें असतें. विठ्ठलासमोर ठेवूं, तुळशीचें पाणी घालूं. माणसें बसली आहेत, नाम घेतील. जाईल तेव्हां जाईल."

"किती वेळ तडफडेल तो तिथें?"

"देव सोडवील. इंजेक्शन म्हणजे हत्या, भारती."

"हत्या मी केलीच आहे," ती म्हणाली. "आतां ती अर्धी ठेवत नाही." आणि रम्याला तमिळमध्ये म्हणाली, "द्या."

सेतूराव बाहेर निघून गेले. भारतीनं मणीचं डोकं आपल्या हातावर घेतलं. त्याच्या तोंडाला घाण वास येत होता. तिनं त्याचा कान कुरवाळला, लहानपणी कुरवाळायची तसा आतल्या बाजूनं, आणि तो तिच्याकडे बघत राहिला. सुई टोचली तेव्हा त्याला कळलंसुद्धा नाही. थरथर आधी थांबली, मग श्वास लांबला. मग तो एका कुशीवर गेला आणि त्याचे पाय सैल पडले. वर्षभरात भारतीनं त्याला असं पाय सोडून झोपलेलं पाहिलं नव्हतं. ती हमसून हमसून रडली. रम्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर श्रीवत्स फोन हातात घेऊन उभा होता. "मामी," तो हळूच म्हणाला, "नमस्कार घालतच गेला ना? सगळे विचारतात."

"दुखत होतें म्हणून सांग," भारती म्हणाली. "वर्षभर दुखत होतें त्याला, आणि आपण टाळ वाजवत होतों. आणि गोळ्या मी दिल्या, माझ्या हातानें, तेंही सांग."

"असें कसें सांगूं मामी?" असं म्हणून श्रीवत्स बाजूला जाऊन फोनवर बोलला. काय बोलला ते तिनं ऐकलं नाही.

परत येताना मणी दोघांच्या मांडीवर होता, दवाखान्यातल्या चादरीत गुंडाळलेला. गावातल्या महामहम तलावाला वळसा घातला तेव्हा भारती म्हणाली,

"रोज सकाळीं तुम्ही त्याला पोटाखालून धरून परसांत नेत होतांत. मी झोपलें आहे असें समजून."

"होय," सेतूराव म्हणाले.

"मग तुम्हाला कळत होतें."

ते काचेतून बाहेर बघत होते. त्यांचा हात चादरीवर होता, मणीच्या कमरेवर, आणि तो त्यांनी काढून घेतला नव्हता.

"माणसें यायला लागली होतीं, भारती," ते म्हणाले.

दारात गर्दी होती. झेंडूचे हार आले होते, कापूर आला होता. गाडी थांबताच माणसांनी दार उघडलं आणि मणीला दोघांच्या मांडीवरून उचलून घेतलं. वैकुंठ एकादशीला गेला, काय पुण्य, काय पुण्य, असं एकेक जण म्हणत होता. कुणीतरी सेतूरावांच्या हातात चिपळ्या दिल्या. सेतूराव दारात उभे राहिले, माणसांकडे बघत राहिले. भारतीला वाटलं, आता बोलतील. त्यांनी तोंड उघडलं आणि अभंग धरला. आवाज असा लागला होता की खिडकीतली माणसं रडू लागली.

भारती दाराला धरून, दात आवळून, एकटीच गाडीतून उतरली आणि आत गेली. समईपुढे फुलांवर त्यांनी मणीला ठेवलं होतं. अलमेलूमामी त्याच्यापाशी बसली होती आणि त्याचे पुढचे पाय धरून विठ्ठलाच्या दिशेनं ताणत होती, दर्शनाला येणाऱ्यांना नमस्कार दिसावा म्हणून. हेडमास्तर दुसऱ्या बाजूनं त्याची हनुवटी फरशीला टेकवून धरत होते. पाय सारखे वाकत होते आणि अलमेलूमामी ते पुन्हा ताणत होती.

भारती भिंतीला धरत खाली बसली. बसायला तिला फार वेळ लागला. तिनं अलमेलूमामीचा हात झटकला, हेडमास्तरांना ढकललं, मणीला पुन्हा कुशीवर केला आणि त्याचे पाय पोटाशी दुमडून ठेवले.

"मामींना फार लागलें हो," मागून कुणीतरी म्हणालं. अलमेलूमामीनं पुन्हा हात पुढे केला. भारतीनं मणीला मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. सेतूराव डोळे मिटून गात होते.